संगणकी खेळांचा धंदा : मैदान कोणाच्या मालकीचे?

“खेळून का कोणाचे पोट भरले आहे?” हा प्रश्न आमच्या पिढीतील बहुतेकांनी वडिलांच्या तोंडून ऐकला असेल आणि पुढे स्वतः वडील झाल्यावर विचारलाही असेल. क्रिकेटपुरते तरी या प्रश्नाचे उत्तर बदलले. मुलगा पहाटे बॅट घेऊन घराबाहेर पडला तर त्याला आता कोणी रिकामटेकडा म्हणत नाही. पण तोच मुलगा मोबाइल घेऊन कोपऱ्यात बसला आणि ‘मी सराव करतो आहे’ म्हणाला, की घरातील वडीलधाऱ्यांच्या कपाळास आठी पडते. ती आठी योग्य की अयोग्य, याचा निवाडा करण्यासाठी आम्ही हा विषय घेतलेला नाही. संगणकावर व मोबाइलवर खेळावयाच्या खेळांच्या स्पर्धा गेल्या पंचवीस वर्षांत जगभर भरू लागल्या, त्यांच्याभोवती मोठा धंदा उभा राहिला, आणि समाजशास्त्र, अर्थशास्त्र, मानसशास्त्र अशा निरनिराळ्या शाखांतील अध्यापक त्या धंद्याचा अभ्यास करू लागले. त्यांना काय आढळले ते येथे सांगावयाचे आहे. त्यातील एक प्रश्न तर असा आहे की, घरातल्या मुलाच्या उमेदीच्या पाच-सात वर्षांशी त्याचा थेट संबंध पोहोचतो.

आम्ही स्वतः या खेळांत अगदी अडाणी. शेजारच्या एका मुलाने आम्हांस शेजारी बसवून एक सामना दाखविला. पहिली वीस मिनिटे आम्हांस पडद्यावर धूर, उजेड आणि धावपळ यांपलीकडे काही दिसले नाही. शेवटी तो म्हणाला, “आजोबा, मधे बघू नका, त्या कोपऱ्यातल्या छोट्या नकाशाकडे बघा.” नकाशाकडे पाहू लागल्यावर मात्र कोण कोणास कोंडीत धरीत आहे हे थोडेफार उमगू लागले. क्रिकेट न खेळलेली आजीसुद्धा क्रिकेटचा सामना पाहू शकते. हे सामने पाहणारा मात्र बहुधा स्वतः तोच खेळ खेळणारा असतो. फिनलंडमधील हामारी व श्योब्लूम या अभ्यासकांनी ८८८ प्रेक्षकांची उत्तरे तपासून २०१७ साली एक निबंध प्रसिद्ध केला. माणसे हे सामने वारंवार का पाहतात, असा त्यांचा प्रश्न होता. रोजच्या कटकटीतून सुटका, खेळाविषयीचे ज्ञान, नावीन्य आणि खेळाडूंची आक्रमकता ही कारणे त्यांना आढळली. त्यांतील ज्ञानाचे कारण आम्हांस विशेष महत्त्वाचे वाटते. प्रेक्षक येथे शिकावयास येतो, आणि शिकलेले पुन्हा त्याच खेळात वापरतो. म्हणजे सामन्याचा प्रेक्षक आणि खेळाचे गिऱ्हाईक ही एकच व्यक्ती होय. धंद्याची सारी गुंतागुंत येथून सुरू होते.

अशा स्पर्धांचा इतिहास तसा जुना आहे. १९७२ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत ‘स्पेसवॉर’ नावाच्या खेळाची स्पर्धा झाली होती. बक्षीस होते एका नियतकालिकाची वर्षभराची वर्गणी! पण हौशी मंडळींची ती गंमत होती. या प्रकारास क्रीडा म्हणावे की म्हणू नये, यावर पुढे पुष्कळ शाई खर्ची पडली. ऑस्ट्रियातील वाग्नर या अध्यापकाने २००६ साली, संगणक व संपर्कसाधने वापरून शारीरिक वा बौद्धिक क्षमता जोपासण्याची ही क्रीडा आहे, अशा आशयाची व्याख्या केली आणि ती अजूनही उद्धृत होते. घाम आला नाही तर क्रीडा कशी, असा आक्षेप इतरांनी घेतला. बुद्धिबळ ज्यांच्या घरात खेळले जाते त्यांना या वादाची मौज वाटेल, पण आपण तो येथेच सोडून देऊ.

धंदा खरा उभा राहिला तो दक्षिण कोरियात. १९९७ साली आशियातील अनेक देशांवर आर्थिक संकट कोसळले. कोरियात हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या. त्यांपैकी काहींनी हाताशी असलेल्या पैशांतून छोटी दुकाने काढली. त्यांत ओळीने संगणक मांडलेले, तासाला सुमारे हजार वॉन भाडे. या दुकानांना तेथे ‘पीसी बांग’ म्हणतात. १९९८ साली ती सुमारे तीन हजार होती, २००१ पर्यंत वीस हजारांवर गेली. सरकारने त्याच सुमारास जलद इंटरनेटच्या तारा देशभर पसरविल्या होत्या. जपानी मालावरील जुन्या निर्बंधांमुळे तेथे जपानी खेळयंत्रे घरोघर पोहोचलेली नव्हती. आणि नेमक्या १९९८ च्या मार्च महिन्यात कॅलिफोर्नियातील ब्लिझर्ड या कंपनीने ‘स्टारक्राफ्ट’ हा युद्धनीतीचा खेळ बाजारात आणला. बेकार बाप दुकान चालवितो आहे आणि शाळा सुटल्यावर मुले तेथे येऊन बसतात, हे त्या काळातील कोरियाचे चित्र होय. डाल योंग जिन या मूळच्या कोरियन व कॅनडात अध्यापन करणाऱ्या विद्वानाने २०१० साली या विषयावर ग्रंथ लिहिला. सरकारी धोरण, तांत्रिक सोयी आणि तरुणांची संस्कृती ही तीन सूते एकत्र कशी वळली गेली हे त्यात पाहावयास मिळते. हा धंदा तरुणांच्या वेडातून आपोआप उगवला, ही समजूत तो ग्रंथ वाचल्यावर टिकत नाही.

२००० साली कोरियात या स्पर्धांची देखरेख करणारी संघटना स्थापन झाली. ‘केस्पा’ हे तिचे लघुनाम. केवळ याच खेळांसाठी दूरचित्रवाणीच्या वाहिन्या निघाल्या. सॅमसंग, एसके टेलिकॉम, केटी यांसारख्या बड्या कंपन्यांनी पगारी संघ बाळगले. २००४ साली बुसान शहरातील समुद्रकिनाऱ्यावर अंतिम सामना झाला तेव्हा लाखभर प्रेक्षक जमल्याचे सांगितले जाते. एवढेच काय, सक्तीच्या लष्करी सेवेत खेळाडूंचा सराव बुडू नये म्हणून कोरियाच्या हवाई दलाने २००७ साली स्वतःचा संघ काढला! संघटना, वाहिन्या, संघ, प्रेक्षक, सरकारी मान्यता यांपैकी कशाचीच उणीव दिसत नव्हती. उणीव होती ती एकच, आणि ती कोणाच्या ध्यानात आली नव्हती.

२००७ साली केस्पाने आपल्या साखळी स्पर्धेचे प्रक्षेपणाचे हक्क विकावयास काढले. वाहिन्यांनी आधी कुरकुर केली, मग पैसे मोजले. तेव्हा कॅलिफोर्नियाहून विचारणा आली, की तुम्ही हे हक्क विकता, पण खेळ कोणाचा? खेळ ब्लिझर्डचा होता. पडद्यावर दिसणारे प्रत्येक चित्र, प्रत्येक आवाज, प्रत्येक सैनिक त्या कंपनीने निर्माण केलेला. कायद्याच्या दृष्टीने कादंबरी किंवा चित्रपट जसा कोणाच्या मालकीचा असतो तसा. कोरियाच्या मंडळींचे म्हणणे असे, की दहा वर्षे खपून आम्ही या खेळास क्रीडेची प्रतिष्ठा दिली, तो आता सर्वांचा झाला. तीन वर्षे वाटाघाटी चालल्या व फिसकटल्या. २०१० साली ब्लिझर्डने प्रक्षेपणाचे हक्क दुसऱ्याच एका कोरियन कंपनीला दिले आणि जुन्या वाहिन्यांना न्यायालयात खेचले. २०११ च्या मे महिन्यात तडजोड झाली व परवाना घेऊन प्रक्षेपण चालू ठेवण्याचे ठरले. पण २०१२ साली त्यांतील एक वाहिनी खेळ सोडून संगीताकडे वळली आणि २०१६ साली ती साखळी स्पर्धाही बंद पडली. यास केवळ मालकीचा तंटा कारण झाला असे आम्ही म्हणत नाही. लोकांची आवड दुसऱ्या खेळांकडे वळली होती. परंतु या तंट्याने अभ्यासकांचे डोळे उघडले हे खरे. टी. एल. टेलर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ विदुषीने अनेक वर्षे सामन्यांना हजर राहून, खेळाडू, पंच व आयोजक यांच्याशी बोलून २०१२ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात या मालकीच्या प्रश्नास मोठे स्थान आहे.

हा मुद्दा क्रिकेटच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. क्रिकेटच्या नियमांच्या मजकुराचे हक्क लंडनच्या मेरिलेबोन क्रिकेट क्लबाकडे आहेत. पण म्हणून आपल्या गल्लीत चेंडू टाकण्यापूर्वी कोणी लंडनला पत्र लिहीत नाही. १९७७ साली ऑस्ट्रेलियातील केरी पॅकर या वाहिनीमालकास प्रक्षेपणाचे हक्क मिळाले नाहीत, तेव्हा त्याने खेळाडूच फोडले आणि स्वतःची स्पर्धा काढली. मैदाने मिळेनात म्हणून खेळपट्ट्या दुसरीकडे तयार करून आणून बसविल्या. मंडळे संतापली, कोर्टकचेरी झाली, पण ‘क्रिकेट आमचे आहे, खेळू नका’ असे त्याला कोणी म्हणू शकले नाही. संगणकी खेळांत पॅकर निर्माण होऊ शकत नाही. खेळाचा धनी परवानगी देईल तरच सामना. त्याने उद्या नियम बदलले, एखादे हत्यार दुबळे केले, तर वर्षभराचा सराव वाया. आणि त्याने खेळच बंद केला तर मैदान, चेंडू, पंच सारे एका रात्रीत नाहीसे होते.

अर्थशास्त्रज्ञांना हे प्रकरण नवे वाटले याचे कारण आहे. वॉल्टर नील याने १९६४ साली धंदेवाईक क्रीडेच्या विचित्र अर्थकारणावर एक निबंध लिहिला होता. इतर धंद्यांत प्रतिस्पर्धी बुडाला तर दुकानदारास आनंद होतो. पण मुष्टियोद्धा जो लुई यास तोलामोलाचा प्रतिस्पर्धी उरला नाही तर लुईचेच उत्पन्न बुडते, अशी त्यातील मेख. म्हणून क्रीडेतील संघ एकमेकांना जगवितात आणि साखळी स्पर्धा हाच खरा माल ठरतो. संगणकी खेळांत या विचारास एक पीळ पडतो. येथे स्पर्धा हा माल नसतो, माल असतो खेळ. स्पर्धा ही बहुधा त्याची जाहिरात. जाहिरातीवर तोटा झाला तरी व्यापारी हसत सोसतो, जोवर दुकानात गिऱ्हाईक येत आहे तोवर. पण त्या जाहिरातीत ज्यांनी आपले भांडवल किंवा आपले तारुण्य घातले, त्यांना तो तोटा कसा सोसावा?

याची दोन उदाहरणे देतो. ‘डोटा २’ या खेळाची जागतिक स्पर्धा २०११ साली सुरू झाली तेव्हा एकूण बक्षीस १६ लाख डॉलर होते आणि तेवढ्यानेही जग चकित झाले. पुढे व्हॉल्व या मालक कंपनीने युक्ती काढली. खेळाडूंना शोभेच्या वस्तूंची एक पुस्तिका विकावयाची आणि त्या विक्रीचा चौथा हिस्सा बक्षिसात टाकावयाचा. २०२१ साली बक्षीस ४ कोटी डॉलरांवर गेले. वर्तमानपत्रांत मथळे झळकले. उरलेले तीन हिस्से कोठे गेले हे मथळ्यात नव्हते. २०२३ साली कंपनीने ही विक्रीची पद्धत बदलली. बहुसंख्य खेळाडू ती पुस्तिका घेतच नाहीत, असे कारण दिले. त्या वर्षी बक्षीस उतरून सुमारे ३१ लाखांवर आले. सामने तेच, कौशल्य तेच. दुकानदाराने मांडणी बदलली, एवढेच.

दुसरे उदाहरण ब्लिझर्डचेच. कोरियात पोळल्यावर या कंपनीने ‘ओव्हरवॉच’ या नव्या खेळासाठी अमेरिकी व्यावसायिक क्रीडेच्या धर्तीवर शहराशहरांचे संघ असलेली साखळी स्पर्धा स्वतःच काढली. जानेवारी २०१८ मध्ये बारा संघांनिशी ती सुरू झाली. एकेका जागेची किंमत २ कोटी डॉलर असल्याच्या बातम्या होत्या. सामने गावोगावच्या मैदानांत भरावयाचे होते तोच २०२० ची साथ आली. प्रेक्षक ओसरले, प्रायोजक ओसरले, आणि २०२३ साली, संघ स्पर्धेतून बाहेर पडू इच्छीत असतील तर प्रत्येकी ६० लाख डॉलर देण्याची तयारी कंपनीने दाखविली. स्पर्धा तेथेच आटोपली.

मग या धंद्याची उलाढाल नेमकी किती? येथे आमच्या अध्यापक मित्रांची थोडी चेष्टा करण्याचा मोह आवरत नाही. या विषयावरील निबंधांच्या पहिल्या परिच्छेदात एखादा भव्य आकडा हटकून असतो आणि तो बाजारपेठांचे अंदाज विकणाऱ्या एखाद्या खासगी कंपनीकडून उचललेला असतो. न्यूझू या अशाच एका कंपनीने २०१९ च्या आरंभी जाहीर केले, की जगातील या स्पर्धांचे उत्पन्न यंदा प्रथमच शंभर कोटी डॉलर ओलांडणार. पुढच्या वर्षी तिच्याच अहवालात २०१९ चे उत्पन्न सुमारे ९५ कोटी निघाले, आणि आता २०२० साली ते ११० कोटी होणार असे भाकीत आले. त्या वर्षी काय झाले ते आपण सर्वांनी पाहिले. प्रेक्षकसंख्येचेही तसेच. एका क्षणी जास्तीत जास्त किती जण पाहत होते हा आकडा मोठा दिसतो, दर मिनिटाची सरासरी काढली की तो खाली येतो. आणि ज्याला जाहिरात विकावयाची आहे तो पहिला आकडा सांगतो हे उघड आहे.

आता खेळाडूंकडे वळू. शर्विन रोझेन या अर्थशास्त्रज्ञाने १९८१ साली दाखविले होते, की प्रक्षेपणाची साधने वाढली म्हणजे अग्रगण्य गुणवंताकडे बहुतेक कमाई ओघळते आणि त्याच्याहून किंचित कमी असणाऱ्यास फार थोडी मिळते. गायकांना हे समजावून सांगावे लागणार नाही. संगणकी खेळांच्या बक्षिसांच्या नोंदी उघड उपलब्ध असल्यामुळे अर्थशास्त्रज्ञांना येथे आयती प्रयोगशाळा मिळाली. कोट्स व पार्शाकोव्ह यांनी त्या नोंदी तपासल्या; क्रमांकाची एकेक पायरी वर चढावी तशी बक्षिसातील उडी अधिकाधिक मोठी होत जाते असे त्यांना आढळले. वर सांगितलेल्या २०२१ च्या स्पर्धेत पहिल्या संघास सुमारे १ कोटी ८२ लाख डॉलर मिळाले, दुसऱ्यास सुमारे ५२ लाख. आणि जे संघ तेथवर पोहोचलेच नाहीत, अशा असंख्यांची त्या पत्रकात नोंदच नाही.

वयाचा प्रश्न याहून कठीण. कॅनडातील सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या अभ्यासकांनी ‘स्टारक्राफ्ट २’ खेळणाऱ्या १६ ते ४४ वयाच्या ३,३०५ जणांच्या सामन्यांच्या नोंदी खेळाडूंकडूनच मागवून तपासल्या. परिस्थिती बदलल्यावर हात हलण्यास लागणारा वेळ वयाच्या चोविसाव्या वर्षापासून वाढू लागतो, असा २०१४ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष. वडील खेळाडू ही उणीव अनुभवाने व साध्यासोप्या युक्त्यांनी भरून काढतात, असेही त्यांनी नोंदविले आहे. पण वर्तमानपत्रांनी हे दुसरे वाक्य फारसे छापले नाही. कसेही असो, ज्या वयात आपली मुले पदवी घेऊन नोकरी शोधू लागतात, त्या वयात हा खेळाडू उतरणीस लागतो.

थोडी कारकीर्द, थोड्यांनाच पैसा आणि खालच्या फळीतील पोरांना तुटपुंजे मानधन, असे असेल तर काय होते हेही कोरियाने दाखविले. २०१० साली पैसे घेऊन सामने हरल्याचे मोठे प्रकरण उघडकीस आले. अकरा खेळाडूंना कायमची बंदी झाली, आणि त्यांत एके काळचा विजेताही होता. खेळाडूंची संघटना हा त्यावरील एक उपाय म्हणावा तर तेथेही गाठ मालकाशीच. अमेरिकेत ‘लीग ऑफ लेजंड्स’ या खेळाच्या खेळाडूंची संघटना २०१७ साली निघाली ती मालक कंपनीच्याच पैशाने. तरीही २०२३ च्या मे महिन्यात, दुय्यम संघ बाळगण्याची संघांवरील सक्ती कंपनीने काढून टाकली व अनेक तरुणांच्या नोकऱ्या धोक्यात आल्या, तेव्हा याच संघटनेने सामन्यांवर बहिष्काराचा ठराव केला आणि कंपनीस हंगाम दोन आठवडे पुढे ढकलावा लागला.

आपल्या देशात हा धंदा मुख्यतः मोबाइलवर वाढला. मुंबईच्या नझारा टेक्नॉलॉजीज या कंपनीने २०१८ साली नॉडविन या सामने भरविणाऱ्या कंपनीत मोठा हिस्सा घेतला. २०२१ साली नझारा शेअरबाजारात आली. त्याच २०१८ साली जाकार्ता येथील आशियाई खेळांत या स्पर्धा प्रात्यक्षिक म्हणून ठेवल्या होत्या आणि गुजरातच्या तीर्थ मेहता याने कांस्यपदक आणले. २०२२ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने हा विषय क्रीडा मंत्रालयाकडे सोपविला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये झालेल्या कायद्याने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि ई-क्रीडेस त्यांहून वेगळी अशी मान्यता दिली. घरातील मंडळी या दोहोंची गल्लत करीत असत, ती आता तरी करू नये.

परंतु मान्यता स्पर्धेला मिळते. खेळ मालकाचाच राहतो. ‘पबजी मोबाइल’ हा आपल्याकडील सर्वांत लोकप्रिय खेळ कोरियन कंपनीचा होता व त्याचे येथील वितरण चिनी कंपनीकडे होते. सीमेवरील तणावाच्या दिवसांत, २ सप्टेंबर २०२० रोजी, इतर अनेक चिनी ॲप्सबरोबर त्यावर बंदी आली. बंदीची कारणे राष्ट्रीय होती, त्यांविषयी आम्हांस काही म्हणावयाचे नाही. २०२१ च्या जुलैत कोरियन कंपनीने तोच खेळ भारतापुरता नव्या नावाने आणला. २०२२ च्या जून-जुलैत त्याचे सामने क्रीडावाहिनीवर क्रिकेटच्या शेजारी दिसले आणि अंतिम सामन्यास दोन आठवडे होतात न होतात तोच जुलैअखेर तो खेळ दुकानांतून पुन्हा नाहीसा झाला. तो परत आला २०२३ च्या मे महिन्यात, दहा महिन्यांनी.

आमच्या शेजारच्या मुलाचा चौघांचा संघ होता. त्यांनी एका छोट्या कंपनीशी वर्षाचा करार केला होता, आणि त्याने तो करार वाचण्यासाठी आमच्याकडे आणला तो खेळ बंद झाल्यावर. सामने भरले नाहीत तर मानधन मिळणार नाही, असे एक कलम त्यात सातव्या पानावर होते. खेळच राहिला नाही तर काय, याविषयी एक अक्षर नव्हते. “मी सही करताना बक्षिसाचं पान तेवढं बघितलं होतं, आजोबा,” तो म्हणाला. खेळ परत आला तेव्हा चौघांतील दोघे नोकरीस लागले होते, एक जण परगावी गेला होता. हा मात्र अजून संध्याकाळी सराव करतो, दिवसा पदवीच्या शेवटच्या वर्षाचा अभ्यास करतो, आणि त्याने नवा करार आणला तेव्हा तो सहीपूर्वी आणला.